मॉड्यूल नव्हे, डीपी: नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपविषयी

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या लेथचा (लोखंड गोल फिरवत कापणाऱ्या मशीनचा) एक गिअर तुटला. बत्तीस दातांपैकी पाच गेले. तो पुन्हा बनवून घ्यायला मी दोन ठिकाणी गेले. पहिल्यांनी ३,२०० रुपयांत, तीन दिवसांत गिअर हातात दिला आणि तो एकोणीस दिवस चालला. दुसऱ्यांनी ६,८०० घेतले, बारा दिवस सांगून तेवीस लावले. त्या गिअरवर आमचं मशीन आज चौदा महिने रोज चालतंय. हे लिहितेय ते या दुसऱ्या वर्कशॉपबद्दल.

वर्कशॉपचं नाव देत नाही. मी लिहिणार आहे म्हटल्यावर ते चालवणाऱ्या काकांनीच हात जोडले. "ताई, पाटीसुद्धा लावलेली नाही मी. आहे तेच काम उरकत नाही." नवले पुलाकडून नऱ्ह्याच्या बाजूला वळलात की पत्र्याच्या शेडांची जी दाटी लागते, तिच्यात ते आहे. तिथल्या कुठल्याही टर्नरला "जुन्या मशीनचे गिअर करणारे काका" म्हणून विचारा, शेडपर्यंत आणून सोडतील. मलाही असंच कळलं होतं, भोसरीतल्या एका फाउंड्रीवाल्याकडून.

आधी आमच्या मशीनबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची शेड भोसरी एमआयडीसीत. आम्ही रबर रोलरचे आतले लोखंडी गाभे आणि लांब शाफ्ट करतो. हे लेथ बाबांनी १९८१ साली एका गिरणीच्या लिलावात घेतलं. इंग्लिश मशीन, दोन सेंटरमध्ये आठ फूट जागा. नावाची पितळी पट्टी तेव्हाच निघालेली होती. कुठली कंपनी, कुठलं साल, काही माहीत नाही. बेडच्या (मशीनच्या लांब ओतीव तळाच्या) टोकाला 'मेड इन इंग्लंड' अशी ओतीव अक्षरं आहेत आणि एक क्रमांक आहे, तेवढंच.

बंगळूरची एचएमटी १९५३ ची. हरिहरची मैसूर किर्लोस्कर १९४१ पासून लेथ करत होती. पण आपल्याकडच्या जुन्या गिरण्यांत, रेल्वेच्या आणि बंदराच्या वर्कशॉपांत इंग्लंडहून आलेली मशीनं पुष्कळ होती. त्यांतली कितीतरी लिलावातून फिरत फिरत भोसरी, चिंचवड, कोल्हापूर, इचलकरंजीला पोहोचली आणि अजून चालताहेत. त्यांचा बेड तुम्ही बघायला हवा. आमच्या लेथवर सहा फुटी शाफ्ट फिरवला तरी टूलखाली थरथर येत नाही. तेवढ्या लांबीच्या नव्या मशीनचं कोटेशन मी मागवलं होतं, साडेनऊ लाखांचं. पैशाचा प्रश्न होताच. पण खरं सांगायचं तर ते मशीन भंगारात जाताना मला बघवलं नसतं. बाबा खंडेनवमीला सगळ्यात आधी त्यालाच हळदकुंकू लावायचे. मी अजून तेच करते.

तर तो गिअर. ऑटो फीडच्या, म्हणजे टूल आपोआप पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, गिअर बॉक्समधला. टूल जॉबमध्ये (कापायच्या लोखंडात) रुतलं, कडाड आवाज झाला आणि फीड थांबलं. आमचे मामा (ते ऑपरेटर, आमच्याकडे बत्तीस वर्षं आहेत) बॉक्स उघडून दाताचे तुकडे हातात घेऊन बाहेर आले.

पहिल्या वर्कशॉपमध्ये मी तो तुटका गिअर घेऊन गेले. त्यांनी व्हर्नियर लावला. बाहेरचा व्यास ८५.६ मिलिमीटर, दात ३२. दातांत दोन मिळवले, ३४. ८५.६ भागिले ३४ म्हणजे २.५२ च्या आसपास. हे मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप. "अडीच मॉड्यूल आहे मॅडम, स्टँडर्ड आहे, परवा या." मला ते फार आवडलं. हिशेब समोर केला, उत्तर गोल आलं, विषय संपला. गिअर चकचकीत होता. बॉक्समध्ये बसला. पहिल्या दिवसापासून आवाज मात्र करत होता. मामा म्हणाले, नवा आहे, घासून बसेल. एकोणीस दिवसांनी त्याच्या दातांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे, त्याच्याशी जुळणाऱ्या ४८ दातांच्या जुन्या, धड गिअरवरही चट्टे उठले होते.

त्या वर्कशॉपच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. त्यांनी तुटक्या तुकड्याचं माप घेतलं आणि त्या तुकड्याची नक्कल केली. गडबड तिथेच झाली.

नऱ्ह्याच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, गिअर तुटला की तोडला?"

मला कळलंच नाही. ते म्हणाले, फीडच्या गिअर बॉक्सचा दात सहसा आपणहून तुटत नाही, त्याच्या आधी दुसरं काहीतरी तुटायला हवं. मग ते म्हणाले, दोन्ही गिअर आणा, जुना तुटका आणि नवा खाल्लेला, आणि मशीन मला बघू द्या. त्यांनी एका शनिवारी भोसरीला यायचं कबूल केलं. येण्याजाण्याचे ५०० रुपये वेगळे घेतले. चौदा महिन्यांतला माझा सर्वांत चांगला खर्च तो.

आल्यावर ते गिअरकडे वळलेच नाहीत. बॉक्स उघडला, कापडाने पुसला, आणि गिअर ज्या दोन शाफ्टवर बसतात त्यांच्यामधलं अंतर मोजलं. दोन्ही शाफ्टच्या बाहेरच्या कडांमधलं माप घेतलं आणि त्यातून दोन्हींची अर्धी अर्धी जाडी वजा केली. वहीत लिहिलं, १०१.६. मग वही माझ्यापुढे सरकवली. "याला २५.४ ने भागा." मी मोबाइलवर भागलं. बरोबर चार. चार इंच. मिलिमीटरमध्ये विचित्र दिसणारा आकडा इंचांत गोल निघाला.

त्यांनी जे समजावलं ते मी तसंच लिहिते, कारण हे माहीत नसल्यामुळे माझे पैसे गेले. मिलिमीटरच्या जगात गिअरचा दात मॉड्यूलमध्ये मोजतात. इंग्लिश आणि जुन्या अमेरिकन मशीनवर तो डीपीत, म्हणजे डायमेट्रल पिचमध्ये असतो: पिच व्यासाच्या (दोन गिअर जिथे भिडतात त्या वर्तुळाच्या व्यासाच्या) एका इंचामागे किती दात. ३२ आणि ४८ मिळून ८० दात. ८० ला दोन्ही शाफ्टमधल्या अंतराच्या दुपटीने, म्हणजे आठ इंचांनी भागलं की १० येतात. आमचा गिअर १० डीपी. १० डीपी म्हणजे २.५४ मॉड्यूल. अडीच आणि २.५४ मध्ये फरक तो केवढा, असं मला वाटलं. पण अडीच मॉड्यूलने ती जोडी बनवली तर शाफ्टमधलं अंतर १०० मिलिमीटर हवं आणि आमच्या बॉक्सचं आहे १०१.६. ओतीव बॉक्स जागचा हलत नाही. म्हणजे दात एकमेकांत पुरते शिरतच नव्हते, टोकाटोकाने ढकलत होते.

मग तुटक्या गिअरचा बाहेरचा व्यास ८५.६ कसा आला? नवा असताना तो ३.४ इंच, म्हणजे ८६.३६ असणार. दातांची टोकं इतक्या वर्षांत घासली आणि ठेचली गेली. झिजेने माप खाली आणलं आणि ते नेमकं चुकीच्या स्टँडर्डजवळ नेऊन ठेवलं. झिजलेला तुकडा खोटं बोलतो, शाफ्टमधलं अंतर खोटं बोलत नाही, असं काका म्हणाले. हे वाक्य मी शेडमधल्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. पिच जुळलं तरी दाताच्या उताराचा कोन वेगळा असू शकतो. हल्ली बहुतेक सगळीकडे २० अंश असतो, जुन्या मशीनवर साडेचौदा. डोळ्यांनी हे ठरवू नये म्हणाले. त्यांच्याकडे थाळीसारखे जबडे असलेला मायक्रोमीटर आहे. त्याने आधी तीन दात पकडून माप घेतलं, मग चार दात पकडून. दोन्हींतला फरक ७.७२ मिलिमीटर. दहा डीपीला २० अंश असते तर तो साडेसातच्या आसपास आला असता. साडेचौदाला ७.७३ यायला हवा. न तुटलेल्या दातांवर तीन ठिकाणी घेतलं आणि तिन्ही वेळा तेच आलं. पहिल्या गिअरच्या दोन्ही गोष्टी चुकलेल्या होत्या, पिचही आणि कोनही. तो एकोणीस दिवस तरी कसा चालला, याचंच काकांना नवल वाटलं.

यानंतर त्यांनी फीड रॉडचं कपलिंग उघडायला सांगितलं. तिथे एक आडवी पिन असते. ती मुद्दाम मऊ ठेवतात, पितळेची. टूल कुठे अडकलं, फीडवर भलताच ताण आला, तर ती पिन आधी कातरली जाते आणि गिअर वाचतात. आमच्या कपलिंगमधून निघाला तो ड्रिलच्या दांड्याचा कापलेला तुकडा. कडक पोलादाचा.

मामा गप्प उभे होते. मग म्हणाले, "मीच ठोकला तो. सारख्या पिना तुटायच्या. मालकांना ऑर्डर द्यायची घाई होती." मालक म्हणजे बाबा. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे तो तुकडा त्याच्या आधीपासून तिथे होता आणि इतकी वर्षं एकही मोठा अडथळा आला नाही म्हणून गिअर वाचला होता. काकांनी मामांना एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यांनी फक्त विचारलं, पिना का तुटायच्या ते बघितलं होतं का? बघितल्यावर दिसलं की एप्रनच्या (टूल वाहून नेणाऱ्या गाड्याच्या पुढच्या भागाच्या) एका बेअरिंगला तेलच पोहोचत नव्हतं, तेलाची नळी चिकट मळीने बंद झाली होती. रोग तिथे होता, पिन नुसती सांगत होती. त्या संध्याकाळी मामांनी स्वतः ती नळी रॉकेलने साफ केली.

आता त्यांच्या कामाच्या जागेबद्दल. शेड लहान आहे. दोन मिलिंग मशीन, एक लेथ, एक स्लॉटिंग मशीन, भिंतीला लागून फळ्या. फळ्यांवर पत्र्याचे डबे आणि डब्यांवर पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेलं: '८ डीपी', '१० डीपी १४॥', '१२ डीपी'. साडेचौदा असे जुन्या पद्धतीने दोन उभ्या रेघांनी लिहिलेले बघून मला बाबांच्या खातेवह्या आठवल्या. हे कटर नवे सहज मिळत नाहीत. काका गेली तीस वर्षं रविवारी सकाळी जुन्या बाजारात फेरी मारतात, आणि पोत्यात भंगारभावाने आलेल्या हत्यारांतून ते वेचून आणतात, घासतात, धार लावतात आणि डब्यात घालतात. आमचा गिअर कापला तो कटर असाच आलेला.

या कटरचा आठांचा संच असतो आणि प्रत्येक कटर ठरावीक दातसंख्येसाठी. आमच्या ३२ ला चार नंबरचा, तो २६ ते ३४ दातांना चालतो. म्हणजे ३२ दातांना त्याचा आकार अगदी तंतोतंत नसतो. हे काकांनी मी न विचारता सांगितलं. "फीडचा गिअर आहे, सावकाश फिरतो, याला चालेल. हेडस्टॉकमधला असता तर मी नाही म्हणालो असतो, हॉबिंगवाल्याकडे पाठवलं असतं." (हेडस्टॉक म्हणजे जॉब फिरवणारा भाग, हॉबिंग म्हणजे खास मशीनवर अचूक दात कापणं.) जो माणूस कुठलं काम आपल्याकडे करू नये हे सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माझा भरवसा बसतो.

मटेरियलच्या बाबतीत माझी समजूत होती की जितकं कडक तितकं चांगलं. पहिल्या वर्कशॉपने 'फुल हार्ड' करून दिलं होतं आणि मला त्याचं कौतुक वाटलं होतं. काकांनी जुन्या दोन्ही गिअरची हार्डनेस एका लॅबमध्ये तपासून घेतली (त्याचे ३०० रुपये बिलात होते, पावतीसह). मग ईएन-२४ पोलाद आधीच पाणी दिलेल्या (कडक केलेल्या) अवस्थेत घेतलं, ज्याला बाजारात 'टी कंडिशन' म्हणतात, सुमारे २५० ते ३०० ब्रिनेल (हे कडकपणाचं माप). त्याची दोन कारणं त्यांनी दिली. एक, ४८ दातांचा जुना गिअर तसाच राहणार आहे. नवा फार कडक केला तर तो जुन्याला खाणार, आणि जुना मोठा, महाग, त्याला बदली नाही. दुसरं, दात कापून झाल्यावर कडक करायला भट्टीत घातलं की गिअर थोडासा तरी वाकतो, मग दात ग्राइंड करावे लागतात. आधीच योग्य कडकपणा असलेल्या सळईतून कापला की ती भानगड नाही.

त्यांच्याकडे मी दुसरं काम दिलं ते हाफ नटचं. आटे पाडताना लीड स्क्रूला (टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूला) पकडणारा हा दोन अर्धुकांचा नट. आमच्या नटाचे आटे इतके झिजले होते की सुरीच्या पात्यासारखे दिसायचे. मला वाटलं, पूर्ण नवा ओतावा लागणार. काका म्हणाले, त्याचं अंग उत्तम आहे, खाचा नीट सरकतात, ते कशाला टाकायचं? त्यांनी दोन्ही अर्धुकांतले जुने आटे बोअर करून काढले. गनमेटलच्या भरीव सळईची दोन अर्धुकं केली, ती कथलाच्या डागाने एकमेकांना चिकटवली, सबंध गोल झाल्यावर बोअर केला आणि आतून ॲक्मे आटे पाडले, इंचाला चार. मग गरम करून डाग सोडवला. पुन्हा दोन अर्धुकं, आणि मध्ये करवतीने खाल्लेली जागा नाही! ती जुन्या अंगात बसवून बुडक्या डोक्याच्या स्क्रूंनी धरली. मी हे सगळं उभं राहून बघितलं. डाग सुटताना दोन अर्धुकं हळूच वेगळी झाली, तो क्षण फार सुंदर होता. त्याचे ९,५०० झाले.

एक तक्रार इथे नोंदवते. हाफ नट पहिल्यांदा बसवला तेव्हा जॉब धरणाऱ्या चकाजवळच्या भागात बरोबर चालत होता आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे आवळत होता. लीड स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही, चकाजवळ जास्त झिजतो, कारण तिथेच काम जास्त होतं. नट झिजलेल्या भागावर जुळवला की न झिजलेल्या भागात अडकणार. हे काकांच्या आधी लक्षात यायला हवं होतं, आणि ते त्यांनी मान्य केलं. ते पुन्हा भोसरीला आले, बारीक पावडर आणि तेल लावून नट स्क्रूवर मागेपुढे चालवत बसले, तीन तास. त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

उशीर ही दुसरी तक्रार, आणि ही गंभीर आहे. बाराचे तेवीस दिवस झाले आणि मधल्या काळात एकही फोन नाही. सकाळी नऊ ते एक ते फोन उचलत नाहीत, कारण मशीनवर असतात. हे मला पटतं, पण संध्याकाळी एक निरोप तरी द्यावा. माझे दोन ग्राहक त्या दिवसांत दुसरीकडे गेले, त्यांतला एक परत आला नाही. गुरुवारी त्यांचंही बंद असतं आणि आमचंही, त्यामुळे भेटायचं तर कामाचा दिवस मोडून भोसरीहून नऱ्ह्याला जायचं. नवले पुलाजवळचा खोळंबा धरून येण्याजाण्यात अर्धा दिवस संपतो. टेम्पोला गल्लीत वळायला जागा नाही. जड पार्ट असेल तर तोंडाशी उतरवून ट्रॉलीने न्यावा लागतो.

तिसरी गोष्ट ड्रॉइंगची. काका माप डोक्यात आणि वहीत ठेवतात. मी हट्ट धरला की मला ड्रॉइंग हवं. उद्या काका नसतील, मी नसेन, पण मशीन असेल. त्यांनी थोडी कुरकुर केली. त्यांच्या मुलाने मग संगणकावर व्यवस्थित ड्रॉइंग काढून दिलं, डीपी, कोन, दात, बोअर, चावीगाळा, मटेरियल, सगळं. मुलगा इंजिनिअर आहे आणि वडिलांच्या कामाबद्दल त्याला मनापासून आदर आहे, हे त्याच्या बोलण्यात दिसतं. तुम्ही गेलात तर ड्रॉइंग आधीच मागा, बिलात लिहून घ्या.

मुलाशी बोलताना थ्रीडी स्कॅनिंगचा विषय निघाला, कारण चाकणला एकांनी मला तेच सुचवलं होतं. तो म्हणाला, वाकड्यातिकड्या ओतीव भागांना स्कॅन उत्तम, आम्हीही करून घेतो. पण गिअर स्कॅन केला तर स्कॅनर झीजसुद्धा इमाने इतबारे उतरवतो आणि तुम्हाला झिजलेला गिअर नवा करून मिळतो. त्याच दिवशी त्यांच्या टेबलावर इचलकरंजीच्या एका मागाचा तुटका ओतीव हात पडला होता. तो जोडून, त्याचाच साचा करून ओतून द्या, असं गिऱ्हाईक म्हणत होतं. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसतं. जुन्या तुकड्याचाच साचा केला तर नवा तुकडा तेवढ्याने लहान निघणार आणि भोकं जुळणार नाहीत. म्हणून लाकडाची प्रतिकृती मोजून थोडी मोठी करायची, आणि जिथे मशिनिंग होणार तिथे वरून आणखी माल ठेवायचा. काका ते लाकूडकाम एका जुन्या सुताराकडून करून घेतात.

बोल्टांबद्दलही सांगून ठेवते. एप्रनचे बोल्ट ३/८ इंच व्हिटवर्थ (जुनं इंग्लिश माप), ५५ अंशांचे आटे, इंचाला सोळा. पहिल्या वर्कशॉपचा फिटर बसवायला आला होता, त्याने दोन भोकांत मिलिमीटरच्या मापाचा, एम-१० चा टॅप फिरवून नवे बोल्ट आवळले. काका बघून थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. गेलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून ती दोन भोकं एम-१० च ठेवली आणि बाजूला पंचाने खूण केली, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल. बाकीच्या सहा भोकांसाठी व्हिटवर्थचे बोल्ट स्वतः करून दिले. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्याआधीच्या कुठल्याही मशीनला हात लावणाऱ्याकडे इंचाचा आटा मोजायची पट्टी आहे का, एवढं तरी बघून घ्या.

शेवटचं काम गरजेचं नव्हतं, ते मी हौसेने करून घेतलं. आमच्या लेथचा लीड स्क्रू इंचाचा, त्यामुळे त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर १२७ दातांचा चेंज गिअर लागतो. लिलावात तो आलाच नव्हता. बाबा शेवटपर्यंत मेट्रिक आट्यांची कामं दुसऱ्यांकडे पाठवत राहिले. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, २५४ चं अर्धं १२७, आणि १२७ ला कशानेही भाग जात नाही, म्हणून यापेक्षा लहान गिअरने काम भागत नाही. त्याच कारणाने तो कापणंही अवघड. डिव्हायडिंग हेडच्या (जॉब मोजून सारख्या भागांत फिरवणाऱ्या साधनाच्या) हँडलचे चाळीस फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा, आणि १२७ भाग पाडायला लागेल असं भोकांचं वर्तुळ त्याच्या प्लेटवर नसतं. काकांनी १२० भागांचा हिशेब धरला, दर दाताला अठरा भोकांच्या वर्तुळावर सहा भोकं, आणि हेडला बाजूने ५६ आणि २४ दातांचे गिअर जोडले. हँडल फिरवलं की ते गिअर खालची प्लेटही आपोआप थोडी उलट सरकवतात आणि १२० चे बरोबर १२७ होतात. ते जवळजवळ दिवसभर न बोलता एकेक दात कापत होते. दुपारी मुलाने चहा आणला तोही तसाच गार झाला. १२७ वा दात कापून कटर पहिल्या खाचेवर परत आला आणि कुठेही न लागता तिच्यातून निघून गेला. तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि माझ्याकडे बघून हसले. ११,००० रुपये. मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा आमच्याच लेथवर एम-६० चे आटे पाडले.

पैशांचं सांगायचं तर अर्धी रक्कम आधी, अर्धी पार्ट मशीनवर चालल्यावर. बिल जीएसटीसह मिळतं. 'उद्याच पाहिजे' म्हणणाऱ्याने तिथे जाऊ नये, निराशा होईल. उत्पादन बंद झालेल्या, कागद हरवलेल्या मशीनचा मालक असाल आणि दोन-तीन आठवडे कसे तरी काढू शकत असाल, तर जा. जाताना नुसता तुटका तुकडा नेऊ नका. त्याच्याशी जुळणारा धड भाग न्या, मशीनचे फोटो न्या, आणि तो कसा तुटला ते खरं खरं सांगा.

काकांनी निघताना मामांच्या हातात पितळेच्या दहा पिना ठेवल्या होत्या, एकसारख्या कापलेल्या, कडा घासलेल्या. मामांनी त्या एका जुन्या तंबाखूच्या डबीत घालून हेडस्टॉकवर ठेवल्या आहेत. चौदा महिन्यांत दोन तुटल्या. दोन्ही वेळा मामांनी मशीन थांबवलं, आधी तेलाची नळी बघितली, मग नवी पिन घातली आणि मला येऊन सांगितलं. डबीत आठ शिल्लक आहेत.